झाकणाचं लोकार्पण

शेवग्याच्या फांदीला पालवी फुटली होती. फांदी रस्त्याच्या वर हातभर आलेली आणि मनगटाएवढी जाड होती. वरच्या टोकाला लाल कापडाची चिंधी बांधलेली होती, आणि चिंधीच्या जरा खाली, एकाच बाजूला, पोपटी रंगाची कोवळी पानं आली होती. शेवग्याची तोडलेली फांदी रुजायला ओल लागते, ऊब लागते आणि मधे कुणीही हात न लावता बराच काळ जावा लागतो. बेव्हर्ली पार्कच्या त्या गल्लीत फांदीला हे सगळं मिळालं होतं. ओल गटाराची होती. फांदी गटाराच्या चेंबरमध्ये उभी होती, कारण चेंबरवर झाकण नव्हतं.

क्षितिजा वाकून पानं पाहत राहिली. नगरसेविका होण्याआधी ती कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची, आणि कुठलीही गोष्ट दोनदा पाहिल्याशिवाय मत न देण्याची तिची सवय राजकारणात येऊनही सुटली नव्हती. तिने पुन्हा पाहिलं. पानंच होती. म्हणजे झाकणाची तक्रार करून इतका काळ लोटला होता, की तेवढ्यात एक झाड जन्माला आलं होतं.

फांदी रोवली होती समोरच्या इमारतीत तळमजल्यावर राहणाऱ्या हंसाबेननी. झाकण फुटलं त्याच दिवशी त्यांनी सोसायटीच्या शेवग्याची फांदी तोडून आणली आणि तिला आपल्या जुन्या बांधणीच्या साडीचा तुकडा बांधला. त्यांच्या यजमानांना डोळ्यांनी फार कमी दिसायचं आणि ते रोज सकाळी काठी टेकत एकटेच जैन देरासरात दर्शनाला जायचे. "एमने लाल रंग तेवढा दिसते," हंसाबेन म्हणाल्या होत्या. "लाल दिसला के बाजूने जातात. पण क्षितिजाबेन, चिंधीच्या भरवशावर किती दिवस?"

क्षितिजाने फांदीचा आणि चेंबरचा फोटो काढला आणि नवऱ्याला, सुभाषला, पाठवला. खाली लिहिलं, "हा जितेंद्रला दाखव. अजून झाकण नाही." जितेंद्र म्हणजे वॉर्ड ऑफिसमधला ज्युनियर इंजिनियर.

सुभाषचा घरं भाड्याने लावून देण्याचा व्यवसाय होता आणि त्यातून उरलेल्या वेळात तो ‘मॅडमचं सगळं’ बघायचा. ‘सगळं’ यात जनसंपर्क कार्यालयाची किल्ली, हारांची ऑर्डर आणि ‘क्षितिजाताई – आपल्या हक्काची ताई’ हे पेज येत होतं. नावही त्यानेच ठेवलं होतं. निवडून आल्याच्या पहिल्या आठवड्यातच क्षितिजाला म्हणायचं होतं, ‘पेज मी बघते.’ पण तेव्हा सुभाष हारांचे फोटो इतक्या उत्साहाने चढवत होता, की ते राहून गेलं. मग होळीच्या शुभेच्छा आल्या, मग पाडव्याच्या. दर वेळी वाक्य ओठांपर्यंत यायचं आणि चहाच्या घोटाबरोबर परत आत जायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हंसाबेनचा फोन आला.

"क्षितिजाबेन, फोटो एकदम मस्त छे हां!"

"कुठला फोटो?"

"तुमच्या पेजवरचा. झाकण एकदम नवं, बाजूला गुलाबाची कुंडी. मी आमच्या ह्यांना पण सांगितलं. पण बेन..."

"काय?"

"मी खिडकीतून बघते ने, तर झाकण क्यां छे?"

क्षितिजाने पेज उघडलं. दोन चौकटी होत्या. ‘आधी’ या चौकटीत तिने काढलेला फोटो होता. ‘नंतर’ या चौकटीत तोच रस्ता होता, पण धुतल्यासारखा. चेंबरवर नक्षीदार, चकचकीत झाकण बसलं होतं. फांदीच्या जागी गुलाबी फुलांनी लगडलेली कुंडी आली होती. खाली लिहिलं होतं, ‘आपल्या हक्काच्या ताईंच्या अथक पाठपुराव्याला यश!’

तिने फोटो मोठा करून पाहिला. ऊन सकाळचं होतं, त्यामुळे कुंपणाच्या भिंतीची सावली पश्चिमेला गेली होती. कुंडीची सावली मात्र पूर्वेला, थेट सूर्याच्या दिशेने पडली होती. अशी सावली एखाद्या विद्यार्थ्याने आकृतीत काढली असती, तर तिने त्याचा अर्धा गुण कापला असता.

"सुभाष, हे काय आहे?"

सुभाष दाढी करत होता. त्याने साबणाच्या फेसातून स्क्रीनकडे पाहिलं. "अरे वा! झालं वाटतं काम."

"काम झालेलं नाही. माझा फोटो तू कोणाला दिलास?"

"परागला. तूच म्हणालीस ना, पाठव."

"जितेंद्रला दाखव म्हणाले होते."

"त्याला दाखवणारच होतो गं. पण परागला रोज कामाचं काहीतरी लागतं. नाहीतर पेज मरतं म्हणतो."

पराग हा सुभाषने नेमलेला ‘सोशल मीडियावाला’ होता. क्षितिजाने त्याला आजवर फक्त एकदा, विजयाच्या मिरवणुकीत, पाहिलं होतं. सुभाषने त्याला फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"सर, ‘आधी-नंतर’चा टेम्प्लेट आहे आपला," पराग म्हणाला. "मॅडमनी नुसतंच ‘आधी’ दिलं. ‘नंतर’ रिकामं कसं ठेवणार? मग ॲपला सांगितलं, फांदी काढ, झाकण लाव. कुंडी त्याने स्वतःहून दिली."

"पण झाकण बसलेलं नाही," क्षितिजा म्हणाली.

"मॅडम, बसणारच आहे ना? म्हणजे मी खोटं नाही बोललो. फक्त थोडं लवकर बोललो."

"पोस्ट काढून टाका."

"अगं थांब," सुभाष घाईने म्हणाला. "काढली तर लोक विचारतील का काढली. बघ ना, किती लाइक आलेत. कणकवलीच्या मावशीने हार्ट टाकलंय. त्यापेक्षा तू आज जितेंद्रच्या मागे लाग आणि संध्याकाळपर्यंत झाकण बसवून घे. पोस्ट आपोआप खरी होईल."

क्षितिजा विचारात पडली. निष्कर्ष आधी लिहून प्रयोग मागून करणाऱ्या विद्यार्थ्यांना ती प्रयोगशाळेबाहेर उभं करायची. पण झाकण बसणं महत्त्वाचं होतं, आणि ते आज बसलं तर उद्या हंसाबेनच्या यजमानांना चिंधीकडे बघत चालावं लागणार नव्हतं.

"संध्याकाळपर्यंत," ती म्हणाली. "नाही बसलं, तर पोस्ट जाणार." आणखीही एक वाक्य तिच्या ओठांवर आलं होतं, पण तेवढ्यात सुभाषने चेहऱ्यावर पाणी मारायला सुरुवात केली.

वॉर्ड ऑफिसात जितेंद्र तिला पाहून उभाच राहिला. "मॅडम, अभिनंदन!"

"कशाबद्दल?"

"झाकणाबद्दल. सकाळी आल्या आल्या तुमची तक्रार निकाली काढली." त्याने स्क्रीन तिच्याकडे वळवली. तक्रारीसमोर हिरवी खूण होती आणि पुरावा म्हणून कुंडीचा फोटो जोडलेला होता. "आमच्या माणसांचे फोटो अंधारे येतात हो. तुमच्या पेजवरचा किती क्लिअर आहे बघा."

"जितेंद्र, ते झाकण फोटोत आहे. रस्त्यावर नाही."

जितेंद्र खाली बसला. त्याने मनापासून विचार केला. "मग चोरीला गेलं असणार, मॅडम. पोलिसांत तक्रार द्या आणि तिची एक प्रत इथे जोडा."

"जे बसलंच नाही ते चोरीला कसं जाईल?"

"ते पोलीस शोधतील ना."

"तुम्ही नवीन तक्रार घ्या."

जितेंद्रने टाइप केलं. स्क्रीनवर लाल पट्टी आली. "घेत नाहीये. तिथे नुकतंच काम झालंय ना. आता काही बिघाड असेल तर ज्या कंत्राटदाराने झाकण बसवलं त्यानेच दुरुस्त करायचं, असा नियम आहे."

"कुठल्या कंत्राटदाराने बसवलं?"

"ते तुम्हाला माहीत, मॅडम. पोस्ट तुमची आहे."

तरीही त्याने प्रामाणिकपणे त्या भागाच्या कंत्राटदाराला फोन लावला. कंत्राटदाराने फोटो मागवून घेतला, नीट पाहिला आणि मुलाबाळांची शपथ घेऊन सांगितलं, की हे झाकण त्याचं नाही, त्याची झाकणं इतकी चांगली नसतात.

जितेंद्रने फोन ठेवला आणि खुर्ची जरा पुढे ओढली. "एक मार्ग आहे. ‘काम झालेलं नाही, तो फोटो चुकीचा आहे’ असं तुमच्या बाजूने जाहीर झालं, की पुरावा बाद होतो आणि तक्रार परत उघडते. पण अर्ज नका देऊ. अर्ज वर जातो आणि वरच राहतो. ज्या पेजवरून बंद झालं, त्याच पेजवरून उघडा."

क्षितिजाला हे पटलं. किंबहुना सकाळपासून ऐकलेलं हेच पहिलं वाक्य तिला सरळ वाटलं. तिने जिन्यात उभं राहून आपल्या स्वतःच्या खात्यावरून पोस्टखाली लिहिलं, "हे काम झालेलं नाही. दुसरा फोटो बनावट आहे. चेंबर उघडं आहे. कृपया जपून चाला." दोनदा वाचलं आणि पाठवलं.

जिना उतरून ती रस्त्यावर आली, तोवर तिचं लिहिणं नाहीसं झालं होतं. तिने पुन्हा लिहायला घेतलं, तर तुम्हाला या पेजवर लिहिता येणार नाही, असं फोनने कळवलं. क्षितिजाताईंच्या पेजवर क्षितिजाला बंदी झाली होती.

सुभाष कुणाला तरी फ्लॅट दाखवत होता. त्याने फोन उचलला नाही. तिने रिक्षाला हात केला. "काशीमीरा चलो, भैया."

परागचं ऑफिस हायवेला लागून, एका गॅरेजच्या वर होतं. खाली ट्रकच्या चाकांवर हातोडे पडत होते आणि वर एका लांब टेबलावर ओळीने फोन मांडून ठेवले होते. प्रत्येक फोनवर एकेका पुढाऱ्याच्या नावाची चिठ्ठी चिकटवलेली होती.

"मॅडम! तुम्ही कशाला त्रास घेतलात? सर आले असते."

"मला ब्लॉक कोणी केलं?"

"तुम्हाला? कोणाची हिंमत आहे?"

तिने आपला फोन त्याच्यापुढे धरला. परागने पाहिलं आणि कानातली वायर काढून ठेवली. "हे जास्वंदीच्या फोटोवालं अकाउंट तुमचं आहे?"

"जास्वंद माझ्या गॅलरीतली आहे."

"सॉरी मॅडम. पण कसं ओळखणार? स्वतःचा फोटो नाही, कोणाला वाढदिवसाच्या शुभेच्छा नाहीत. आणि प्रत्येक वाक्याला पूर्णविराम! मला वाटलं समोरच्यांचं फेक अकाउंट. खरी माणसं पूर्णविराम देतात का आजकाल?"

"अजून कोणाला ब्लॉक केलंय?"

"झाकण कुठाय विचारतील त्या सगळ्यांना. त्यात एक हंसाबेन आहेत. फार निगेटिव्ह बाई. सारखे खिडकीतून काढलेले फोटो टाकतात."

"त्यांच्या खिडकीतून ते दिसतं म्हणून टाकतात."

तेवढ्यात टेबलावरचा दुसरा फोन थरथरला. क्षितिजाने वाचलं, ‘विकासाचं झाकण कुठे गेलं? नगरसेविकेने उत्तर द्यावं!’ खाली लाल रंगात रागावलेले चेहरे होते.

"हे कोणाचं पेज?"

परागने तो फोन हळूच उलटा ठेवला. "समोरच्या पक्षाचं."

"तेही तूच चालवतोस?"

"मॅडम, मी प्रोफेशनल आहे. कुणाचंच काम अर्धवट करत नाही. आणि संध्याकाळी तुमच्या पेजवरून त्यांना असं सडेतोड उत्तर देणार होतो, की बघत राहाल. लिहून तयार आहे."

"उत्तर मी देणार आहे. आत्ता. माझ्या पेजचा फोन दे."

परागचा चेहरा खरोखरच पडला. "असं कसं देऊ? ॲडमिन सर आहेत. पेज तुमच्या नावाचं आहे, पण नंबर सरांचा आहे. ओटीपी त्यांना जातो. सरांनी सांगू दे, लगेच देतो."

आणि त्याच क्षणी सरांचाच फोन आला. पण क्षितिजाला.

"क्षितू, गुड न्यूज! लवूभाऊंनी पोस्ट बघितली!"

लवूभाऊ पक्षाचे शहराध्यक्ष होते. ते पोस्टखालचा मजकूर वाचत नसत, फक्त चित्रं पाहत. शहरातलं कुठलंही काम त्यांचा हात लागल्याशिवाय पूर्ण होत नाही, अशी त्यांची श्रद्धा होती, आणि नुसता हातच नाही. नव्या रस्त्याचं, नव्या पुलाचं लोकार्पण झालं, की भाऊ त्यावर उभे राहून उजवा पाय जोरात आपटत आणि विचारत, "हललं का?" लोक ओरडत, "नाही!" भाऊंचं वजन शहराला माहीत असल्यामुळे हे व्हिडिओ आवडीने पाहिले जात.

"उद्या सकाळी येतायत ते," सुभाष म्हणाला. "लोकार्पणाला."

"कशाच्या?"

"झाकणाच्या!"

घरी आल्यावर क्षितिजाने पर्सही खाली ठेवली नाही. "सुभाष, भाऊंना फोन कर आणि सांग, झाकण नाही."

"आता कसं सांगू? त्यांनी पोस्ट शेअर केलीये. ‘माझ्या मार्गदर्शनाखाली’ असं वर लिहून. म्हणजे आता ते झाकण त्यांचंही आहे."

"मग पेजवर खरं काय ते लिहू. ओटीपी दे."

"भाऊंनी शेअर केल्यावर? पक्षात तोंड दाखवायला जागा राहणार नाही. क्षितू, मी तुझ्यासाठीच करतोय ना हे सगळं?"

हे मात्र खरं होतं, आणि तिथेच ती नेहमी अडायची. तिने स्वतःच भाऊंना फोन लावला.

"भाऊ, त्या झाकणाबद्दल एक सांगायचंय."

"ताई, मला माहितीये. आभार मानणार तुम्ही. मला आभार आवडत नाहीत. जे बोलायचं ते उद्या लाइव्हमध्ये बोला, जनतेसमोर." फोन बंद झाला.

क्षितिजाने फोन पर्समध्ये टाकला. मग म्हणाली, "बरं."

सुभाषने सुटकेचा निःश्वास टाकला. "गुड. तू साडी ठरव. जागेची व्यवस्था मी बघतो."

व्यवस्था तिने सकाळी पाहिली. गल्लीच्या तोंडापासून चेंबरपर्यंत लाल गालिचा अंथरला होता. चेंबरच्या दोन्ही बाजूंना खांब होते आणि मधे फीत. चेंबरवर सुभाषने प्लायवूडचा तुकडा टाकून त्यावरूनही गालिचा ओढला होता. शेजारी गुलाबाची कुंडी होती.

"रंगसुद्धा मॅच केलाय बघ," सुभाष म्हणाला. "नर्सरीवाल्याला फोटो दाखवून आणली."

"फांदी कुठे आहे?"

"ती काय, भिंतीपाशी. फोटोत कुठे आहे ती?"

फांदी आडवी पडली होती. तिच्या तळाशी दोऱ्यासारखी पांढरी मुळं फुटली होती आणि त्यांना ओला गाळ लागलेला होता. कालपर्यंत फोटो रस्त्यासारखा नव्हता. आज सुभाषने रस्ता फोटोसारखा करून टाकला होता. खड्डा होता तिथेच होता. फक्त आता तो दिसत नव्हता.

तेवढ्यात फाटकातून काठीचा आवाज आला. पांढऱ्या कपड्यांतले हंसाबेनचे यजमान दर्शनाला निघाले होते. ते दोन पावलं चालले आणि थबकले. मान डावीकडे वळवली, मग उजवीकडे.

"हंसा!" त्यांनी हाक मारली. "आजे तो आखो रस्तो लाल छे!"

सगळाच रस्ता लाल, मग बाजू कुठली घ्यायची? खिडकीतून हंसाबेन काही बोलणार, तोवर त्यांनी स्वतःच काहीतरी ठरवलं आणि काठी पुढे टाकली. काठी गालिच्यावर पडली. पोकळ आवाज आला. क्षितिजा धावली आणि तिने त्यांचा दंड धरला. प्लायवूड एका बाजूने कलून परत जागेवर बसलं.

"इकडून या, काका," ती म्हणाली. तिने त्यांना भिंतीच्या कडेने गल्लीबाहेर नेलं, रस्ता ओलांडून दिला आणि परत येऊन चेंबरला अगदी खेटून उभी राहिली.

"अगं, बाजूला हो ना," सुभाष म्हणाला. "फ्रेममध्ये येतेस."

"येऊ दे."

सुभाषने तिच्याकडे पाहिलं आणि तो हार आणायला वळला.

लवूभाऊ आले, हार झाले. त्यांच्यामागे जितेंद्रही होता. लोकार्पणाला एक तरी अधिकारी लागतो म्हणून सुभाषने त्याला बोलावलं होतं. परागने फोन स्टँडवर लावला आणि अंगठा वर केला. लाइव्ह सुरू झालं.

"झाकण कुठाय?" भाऊंनी विचारलं.

"गालिच्याखाली, भाऊ," सुभाष म्हणाला. "आधी फीत."

भाऊंनी फीत कापली. टाळ्या झाल्या. मग भाऊ कॅमेऱ्याकडे वळले, धोतराचा सोगा सावरला, एक हात जितेंद्रच्या खांद्यावर ठेवला आणि उजवा पाय उचलला. सुभाषचा चेहरा पांढरा पडला. फीत, कुंडी, गालिचा, सगळं त्याच्या लक्षात राहिलं होतं. भाऊंचा पाय तेवढा तो विसरला होता.

"भाऊ," क्षितिजा म्हणाली, "पाय खाली ठेवू नका."

"मग कुठे ठेवू?"

"मागे."

भाऊंना आजवर कुणी पाय मागे ठेवायला सांगितलं नव्हतं. ते तसेच एका पायावर उभे राहिले. क्षितिजा वाकली आणि तिने गालिच्याचं चेंबरवरचं टोक बाजूला ओढलं. त्याबरोबर प्लायवूड सरकलं आणि चेंबर उघडं पडलं. वास आला. भाऊंनी एक पाय हवेत ठेवूनच खाली डोकावून पाहिलं. मग जितेंद्रचा खांदा दोन्ही हातांनी धरून ते सावकाश मागे झाले.

परागचा हात फोनकडे गेला.

"बंद करू नकोस," क्षितिजा म्हणाली. "ज्यांनी तो फोटो पाहिला, त्यांना हेही दिसू दे."

ती कॅमेऱ्यासमोर आली. वर्गात बोलायची तशीच बोलली. हळू, आणि प्रत्येक वाक्य संपवून. "मी क्षितिजा. या पेजवर आलेला झाकणाचा फोटो खोटा आहे. इथे झाकण बसलेलं नाही. ज्यांनी ते विचारलं त्यांना ब्लॉक केलं गेलं. त्यांचं बरोबर होतं. मी त्यांची माफी मागते. झाकण बसेपर्यंत इथून जपून जा." मग तिने भिंतीपाशी पडलेली फांदी उचलली, चेंबरमध्ये पूर्वीसारखी रोवली आणि चिंधीची गाठ घट्ट केली.

जितेंद्रने आपला फोन काढला होता. "मॅडम, हे पुरावा म्हणून जोडू? तक्रार उघडते."

"जोडा."

त्याने जोडलं. मग घसा साफ केला. "झाकण संध्याकाळपर्यंत बसेल, मॅडम. काल सकाळीच ते टेम्पोत चढवलं होतं. तक्रार बंद झाली म्हणून परत उतरवलं. काल तुम्हाला सांगायचा धीर झाला नाही."

लवूभाऊंनी आपला उजवा पाय एकदा हलवून पाहिला. "पोस्ट कोणी टाकली होती?"

परागने सुभाषकडे पाहिलं. सुभाषने परागकडे पाहिलं. मग दोघांनी मिळून कुंडीकडे पाहिलं.

"माझ्या नावाने गेली, भाऊ," क्षितिजा म्हणाली. "म्हणजे मीच टाकली."

भाऊंनी मान वर केली, तेव्हा त्यांना समोर कॅमेरा दिसला. लाइव्ह चालूच होतं, आणि बघणारे भराभर वाढत होते. भाऊंचा चेहरा हळूहळू पूर्ववत झाला. "जनतेशी खरं बोलायचं," त्यांनी सुरुवात केली, "हे धाडस ताईंनी आज माझ्या मार्गदर्शनाखाली..."

"क्षितिजाबेन!" खिडकीतून हंसाबेन ओरडल्या. "मला अनब्लॉक पण करा ने!"

"करते, हंसाबेन," क्षितिजा म्हणाली, आणि आपल्याला ते करता येत नाही, हे लगेच तिच्या लक्षात आलं. ती सुभाषकडे वळली. त्याच्या हातात कात्री होती आणि फितीचा अर्धा तुकडा होता. त्याने डोळ्यांनीच आधी कॅमेरा दाखवला.

"क्षितू, लाइव्ह चालू आहे," तो कुजबुजला. "घरी बोलू ना. चहा घेता घेता."

"चहा घेता घेताच राहून जातं," क्षितिजा म्हणाली. मग तिने मोठ्याने, गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगितलं, "सुभाष, आजपासून पेज मी बघणार."